रास्पबेरी पाय ४ वर घरचं स्टोरेज: बोर्ड पुरेसा आहे, डिस्कची वीज आणि दुसरी प्रत बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रास्पबेरी पाय ४ (एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक), ४ जीबी रॅमचा, घरात पडून आहे. ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क आहेत, एक जुनी आणि एक नवीन. घरातल्या सगळ्यांचे फोटो, साधारण ६०० जीबी, तीन लॅपटॉप आणि चार फोनमध्ये विखुरले आहेत. ते एका जागी आणायचे, फोनचा बॅकअप तिथेच व्हायचा आणि टीव्हीवर सिनेमे दिसायचे. दोन्ही डिस्कचं रेड १ करायचं, म्हणजे दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी शाबूत. आणि शेवटी विचारलंय, हा बोर्ड एवढं काम पेलेल का, की नवा घेऊ?

पेलेल. नवा घेऊ नका. पण तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा बोर्डाचा नाहीच. ६०० जीबी फोटो म्हणजे पुन्हा कधीही न मिळणारी गोष्ट. तिला धोका आहे तो दोन ठिकाणी: डिस्कला मिळणारी वीज, आणि रेडलाच बॅकअप समजणं. मी गेली काही वर्षं स्वतःच्या घरी आणि नात्यागोत्यात, मित्रांकडे अशी बरीच यंत्रं बसवली आहेत. बोर्ड हळू पडला म्हणून कुणाचा डेटा गेल्याचं मी पाहिलेलं नाही. बाकी दोन कारणांनी गेलेला पाहिला आहे.

वेगाचं आधी उरकून घेऊ. पहिल्या तीन पिढ्यांच्या पायमध्ये नेटवर्क आणि यूएसबी दोन्ही एकाच यूएसबी २.० च्या वाटेने जायचे. २०१८ च्या ३ बी प्लसला गिगाबिट पोर्ट आला खरा, पण तो त्याच वाटेवर असल्याने ३०० मेगाबिटच्या आसपास अडकायचा. 'पायवर स्टोरेज करू नका' हा सल्ला अजूनही सगळीकडे वाचायला मिळतो, तो त्या काळातला आहे. २०१९ मध्ये पाय ४ आला आणि दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या: खरा गिगाबिट पोर्ट आणि स्वतंत्र यूएसबी ३.०. गिगाबिटची कागदावरची मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात मोठ्या फाइलींना ११० च्या आसपास मिळतात. तुमचे ६०० जीबी त्या वेगाने दीड तासात जायला हवेत. प्रत्यक्षात जास्त वेळ लागेल, कारण फोटो म्हणजे लाखभर लहान फाइली, आणि प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जातो. पहिल्या वेळी रात्रभर चालू द्या.

फक्त एक पाहून घ्या. वेग ११ मेगाबाइटवर अडकला, तर पायला दोष देऊ नका. जोडणी १०० मेगाबिटवर झाली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, एखादी तार तुटकी असली की दोन्ही बाजू मुकाट्याने १०० वर उतरतात. काही राउटरांचे पोर्टच १०० चे असतात. त्या वेगाने तेच ६०० जीबी पंधरा तास घेतील. आणि पाय राउटरला केबलनेच जोडा. फोन, लॅपटॉप वायफायवर असले तरी चालेल, स्टोरेज नको.

सिनेमांचं म्हणाल तर ४के ब्ल्यू-रेचा कमाल बिटरेट १२८ मेगाबिटच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबाइट. पायला ते काहीच नाही. मात्र फाइल आहे तशी टीव्हीकडे जाऊ द्या. टीव्हीला न चालणारा फॉरमॅट पायकडून जागच्या जागी बदलून घ्यायचा, म्हणजे ट्रान्सकोडिंग, हे काम या बोर्डाचं नाही.

आता वीज. इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच अडतात.

पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून बाहेरच्या उपकरणांना १.२ अँपिअर देऊ शकतात. एकेकाला नव्हे, चौघांना मिळून. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरत असताना कमी घेते, पण सुरू होताना एखाद-दोन सेकंद एक अँपिअरच्या आसपास ओढते. एक डिस्क लावली तर बहुधा निभावतं. दोन लावल्या की दोघी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. हे कळायला मल्टिमीटर लागत नाही: पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पायवरचा लाल दिवा क्षणभर विझतो आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' अशी ओळ येते.

माझ्या मेव्हण्याकडे हेच झालं होतं. दोन पोर्टेबल डिस्क थेट पायला आणि पायला फोनचा जुना चार्जर. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री दोन वाजता बॅकअप सुरू झाला की झोपलेली दुसरी डिस्क उठायची, आणि 'टक्' असा आवाज यायचा. डिस्कचं डोकं घाईने जागेवर परत जातं, त्याचा तो आवाज. त्याला वाटायचं डिस्क जुनी झाली. नोंदी उघडल्या तर रोज रात्री तीच मालिका: कमी व्होल्टेज, यूएसबी रीसेट, लिहिण्यात चूक, आणि मग फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडी. म्हणजे जवळपास तीन आठवडे बॅकअप झालाच नव्हता आणि कुणाला पत्ता नव्हता. डिस्क ठणठणीत होत्या. पायचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर आणि डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, एवढं बदललं आणि तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

तुमच्या बाबतीत इथे एक गोष्ट डिस्कवर अवलंबून आहे. त्या साडेतीन इंची असतील तर त्यांना १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असणारच, आणि मग पायवर भार नाही. अडीच इंची, नुसत्या यूएसबी केबलवर चालणाऱ्या असतील तर हब घ्याच. हब घेताना तो उलट्या दिशेने पायला वीज पाठवत नाही ना, हे पाहा. पायचा अडॅप्टर काढूनही दिवा लागलेला राहिला तर हब वीज परत ढकलतोय. असा हब बदलून घ्या, त्यामुळे पाय नीट बंद-चालू होत नाही.

वीज नीट असूनही मोठी फाइल टाकताना डिस्क गायब होत असेल, तर संशय डिस्कच्या खोक्यातल्या यूएसबी-साटा चिपवर घ्या. लिनक्स अशा चिपशी यूएएस नावाच्या जलद पद्धतीने बोलतं, आणि काही चिपना ती पद्धत भाराखाली झेपत नाही. पायच्या बूट ओळीत त्या चिपच्या क्रमांकासह यूएसबी-स्टोरेजचा 'क्वर्क' (अपवादाची सूचना) लिहिला की लिनक्स जुन्या, संथ पण भरवशाच्या पद्धतीवर येतं. वेग थोडा जातो. फोटोंसाठी मी तो आनंदाने सोडतो.

आता रेड १. तुमचा हेतू अगदी योग्य आहे, फक्त त्यासाठी हे साधन बरोबर नाही.

रेड एकाच गोष्टीपासून वाचवतं: एक डिस्क यांत्रिकरीत्या मेली तरी काम न थांबणं. ज्या कचेरीत तासभर सर्व्हर बंद राहिला तर नुकसान होतं, तिथे त्याला मोल आहे. घरात फोटो जातात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी. कुणीतरी चुकून फोल्डर पुसतं. रेड त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही पुसतं. लॅपटॉपमध्ये खंडणीवालं मालवेअर शिरतं आणि शेअरवरच्या, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरातल्या, फाइली कुलूपबंद करतं. दोन्ही प्रती कुलूपबंद. विजेचा झटका येतो. दोन्ही डिस्क एकाच हबवर.

त्यात यूएसबीची भर. एका डिस्कचा रीसेट झाला की रेड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. परत जोडली की अख्खी ४ टीबी पुन्हा एकसारखी करावी लागू शकते. सेकंदाला १०० मेगाबाइटने धरलं तरी अकरा तास, आणि तेवढा वेळ दुसरी, एकुलती एक उरलेली डिस्क सतत वाचली जाते. पोर्टेबल डिस्क बहुधा एसएमआर प्रकारच्या असतात, त्यांच्यात डेटाचे माग (ट्रॅक) एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात. सलग मोठं लिखाण आलं की त्या फारच मंदावतात. ओपनमीडियाव्हॉल्टने (घरचं स्टोरेज चालवायच्या सॉफ्टवेअरने) यूएसबी डिस्कवर रेड बनवण्याची सोय आपल्या पडद्यावरून मुद्दाम काढून टाकली, ती याच अनुभवातून.

त्याऐवजी मी असं करतो. नवीन डिस्क मुख्य. सगळे शेअर तिच्यावर. जुनी डिस्क नेटवर्कवर दिसतच नाही. रात्री ठरलेल्या वेळी एक छोटी स्क्रिप्ट तिला जोडते, आरसिंक या प्रत घेणाऱ्या साधनाने त्या दिवसाची प्रत घेते आणि परत सुटी करते. आरसिंकला 'लिंक-डेस्ट' हा पर्याय देऊन कालची प्रत दाखवली, की न बदललेल्या फाइली तो पुन्हा उतरवत नाही, कालच्याच फाइलीला हार्ड लिंक करतो, म्हणजे त्याच फाइलीला आणखी एक नाव देतो. त्यामुळे डिस्कवर रोजच्या तारखेचं एक पूर्ण फोल्डर दिसतं, पण जागा फक्त नव्या फोटोंची जाते. मी तीस दिवस ठेवतो आणि त्यापलीकडे महिन्याला एक. मार्चमध्ये पुसलेला फोल्डर मेमध्ये आठवला तरी तो सापडतो. आरशासारखं रेड हे कधीच करू शकणार नाही.

यासाठी दोन्ही डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. 'मग ती काढून विंडोजच्या लॅपटॉपला कशी लावू?' हा प्रश्न नेहमी येतो. थेट नाही लावता येणार, हे खरं. पण दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, मालकी-परवानग्या नाहीत, हार्ड लिंक नाहीत. लिहिता-लिहिता वीज गेली तर ईएक्सटी४ जर्नल वाचून काही सेकंदांत सावरते. एक्सफॅटला तो आधारच नाही. विंडोजची एनटीएफएस लिनक्सवर चालते, पण बिघडली की दुरुस्तीला तुम्हाला विंडोजच शोधावं लागतं. जी डिस्क वर्षानुवर्षं लिनक्सला जोडलेली राहणार, तिला लिनक्सचीच फाइल सिस्टिम द्या. अडीअडचणीला ती कुठल्याही संगणकावर पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून वाचता येते.

आणि फॉरमॅट करण्याआधी जुन्या डिस्कची स्मार्ट चाचणी (डिस्क स्वतःचीच तब्येत तपासते ती) घ्या, मोठी वाली, जी पूर्ण पृष्ठभाग वाचते. ४ टीबीला अख्खी रात्र जाईल. नंतर चार आकडे पाहा: ५, १९७, १९८ आणि १९९. पहिले तीन खराब सेक्टरांचे. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा राहिलेले सेक्टर. तो शून्य नसेल तर त्या डिस्कवर मी कुणाचे फोटो ठेवत नाही. १९९ वाढत असेल तर डिस्क बरी, केबल किंवा खोक्यातली जोडणी वाईट. महिन्यातून एकदा ही चाचणी आपोआप लागेल आणि बिघाड दिसला तर तुम्हाला मेल येईल असं लावून ठेवा.

आता एक खड्डा, ज्यात मी स्वतः पाहिलेली दोन घरं पडली. डिस्क जोडण्याची जागा म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने एक साधं रिकामं फोल्डर. डिस्क जोडली की त्यात डिस्क दिसते. नाही जोडली गेली, तर ते फोल्डर तसंच असतं, मेमरी कार्डावर. एकदा वीज जाऊन आली, पाय लवकर उठला, डिस्क उठायला उशीर झाला. रात्री स्क्रिप्टने नेहमीप्रमाणे प्रत घेतली, ती त्या रिकाम्या फोल्डरात. ३२ जीबीचं कार्ड काठोकाठ भरलं आणि सकाळी पायमध्ये लॉगिनसुद्धा होईना. उपाय तीन ओळींचा आहे. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाइलीत) डिस्क नावाने नव्हे तर यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकाने, लिहा आणि 'नोफेल' टाका, म्हणजे डिस्क नसली तरी पाय उठेल. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर' ने अचल (बदलता न येणारं) करून ठेवा; मग डिस्क नसेल तेव्हा तिथे रूटलाही (सिस्टिमच्या मुख्य खात्यालाही) काही लिहिता येत नाही. आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डिस्क खरंच जोडली आहे का ते तपासा, नसेल तर थांबून मेल पाठवा.

मेमरी कार्डाचं आयुष्य सतत लिहिण्याने संपतं. पाय ४ यूएसबीवरूनही बूट होतो, तेव्हा जुना छोटा एसएसडी असेल तर त्यावर सिस्टिम टाका. नसेल तर कार्ड चालेल, पण ते कधीतरी जाणार असं धरून चाला: त्यावर एकही फोटो नको, आणि सेटिंगच्या फाइलींची प्रत मुख्य डिस्कवर हवी. मग कार्ड गेलं तरी नवीन कार्डावर तासाभरात सगळं उभं राहतं.

सॉफ्टवेअरवर मी फार वेळ घालवणार नाही. लिनक्सची कमांड लाइन सवयीची असेल तर रास्पबेरी पाय ओएसची हलकी आवृत्ती आणि सांबा (फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारं सॉफ्टवेअर) एवढं पुरे. नसेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट घाला, ब्राउझरमधून सगळं करता येतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं आणि वेगळं फोल्डर द्या, एक सामायिक ठेवा. सगळ्यांना एकच पासवर्ड नको. फोनसाठी सिंकथिंगसारखं, दोन उपकरणांतली फोल्डरं एकसारखी ठेवणारं काही वापरणार असाल तर लक्षात घ्या, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनमधून फोटो पुसला की तो इकडूनही जाईल. फोनचं फोल्डर 'फक्त पाठवणारं' ठेवा आणि पायच्या बाजूला पुसण्याकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय लावा. चेहरे ओळखून फोटो लावणारी मोठी सॉफ्टवेअरं ४ जीबीत ओढाताण करतात. ती आत्ता नकोत.

बाहेरून फोटो पाहायचे असतील तर राउटरमधून सांबाचं ४४५ पोर्ट उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच पोर्टवरून, विंडोजच्या जुन्या एसएमबीतल्या (फाइल शेअर करण्याच्या पद्धतीतल्या) भोकातून. त्याऐवजी पायवर वायरगार्ड बसवा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत येणारा खाजगी रस्ता (व्हीपीएन). २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, एकच यूडीपी पोर्ट लागतं, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही.

एन्क्रिप्शनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खास सूचना नाहीत, त्यामुळे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की वेग बराच उतरतो. पाय ५ मध्ये त्या आहेत. घरात राहणाऱ्या डिस्कला मी बहुधा करत नाही. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला नेहमी करतो.

ती घराबाहेरची डिस्क मात्र हवीच. तुमची मुख्य आणि बॅकअप, दोन्ही एकाच टेबलावर असणार. चोरी, आग, पाणी यांना दोन्ही एकदम सापडतात. ६०० जीबी म्हणजे १ टीबीची छोटी डिस्क पुरते. ती एन्क्रिप्ट करा, फोटो उतरवा आणि बहिणीकडे किंवा जवळच्या मित्राकडे ठेवा. दर दोन महिन्यांनी आणून ताजी करा. इंटरनेटचा अपलोड चांगला असेल तर रेस्टिक या बॅकअप साधनाने एन्क्रिप्ट करून क्लाउडवर पाठवणंही तितकंच चांगलं.

पायऐवजी दुसरं काही घ्यावं असं मी कधी म्हणतो? चार-पाच डिस्क लावायच्या असतील, रोज व्हिडिओचं संपादन थेट शेअरवरून करायचं असेल, किंवा ट्रान्सकोडिंग हवंच असेल. तेव्हा साटा पोर्ट असलेला इंटेल एन१०० चा छोटा पीसी जास्त शहाणपणाचा. केवळ स्टोरेजसाठी बनवलेले बोर्डही निघाले, ओड्रॉइडची एचसी मालिका साटामुळे मला आवडते. पण या जगात कंपन्या लहान असतात. हेलिओस६४ बनवणाऱ्या कोबोलने २०२१ मध्ये काम थांबवलं आणि ज्यांनी ते खोकं घेतलं होतं त्यांना पुढची मदत एकमेकांतच शोधावी लागली. पायची दुरुस्ती-माहिती आणि नवीन लिनक्स दहा वर्षांनंतरही मिळतं, हे त्याचं मोठं बळ. शिवाय पाय आणि दोन अडीच इंची डिस्क मिळून ७ वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे चोवीस तास चालू ठेवूनही वर्षाला साठ-एक युनिट.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जुन्या डिस्कची चाचणी, मग वीज, मग एक डिस्क मुख्य आणि दुसरी रात्रीच्या प्रतीची. लॅपटॉपमधले मूळ फोटो निदान दोन महिने पुसू नका. पहिल्या आठवड्यानंतर बॅकअपमधलं एखादं जुनं फोल्डर वेगळ्या लॅपटॉपवर परत उतरवा आणि त्यातले वीस फोटो उघडून पूर्ण दिसतात का ते पाहा. मग बॅकअपच्या डिस्कची केबल काढून ठेवा, पाय पुन्हा चालू करा, आणि रात्री स्क्रिप्ट कार्डावर काही न लिहिता थांबते आणि मेल पाठवते का ते तपासा. हे दोन्ही जमलं की मूळ फोटो पुसायला हरकत नाही.

डिस्क अडीच इंची आहेत की साडेतीन, आणि पायच्या अडॅप्टरवर किती अँपिअर छापलेत, एवढं कळवा. हब लागेल की नाही ते मग नेमकं सांगतो.